सातव्या क्रमांकाचा भात

संघप्रिया कुरणे नेमकं काय शिकली, हे लोकांना समजावून सांगायचं काम तिच्या आईनं आपणहून अंगावर घेतलं होतं. आई शालन, कळंब्यात अंगणवाडी मदतनीस. तिथं पोरांना घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "काम्प्युटर दुरुस्त करती काय गं तुझी पोरगी?"

"न्हाय," शालन म्हणायची, "बेडूक न कापता बेडकाच्या आत काय हाय ते काम्प्युटरवर बघती."

हे फारसं चुकीचं नव्हतं, म्हणून संघप्रियानंही ते कधी दुरुस्त केलं नाही.

तिनं बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं होतं. वर्गातली निम्मी पोरं औषधाच्या कंपन्यांत चिकटली. ही मात्र शेवटच्या वर्षाला बायोइन्फर्मॅटिक्सच्या नादाला लागली. जिवंत पेशीतली माहिती, म्हणजे डीएनएची लाखो अक्षरं, काम्प्युटरवर वाचायची आणि त्यातून अर्थ काढायचा, हे तिला गोष्ट उलगडावी तसं वाटायचं. जुन्या लॅपटॉपवर, पंखा घरघरायला लागला की त्याला जरा विश्रांती देत, ती प्रोग्रॅमिंग शिकली. पण बेंगळुरू-हैदराबादला अर्ज केले की उत्तर एकच यायचं, नाहीतर यायचंच नाही. असं वर्ष गेलं.

मग फेब्रुवारीत कोल्हापुरातल्याच एका संशोधन केंद्राची जाहिरात आली. सह्याद्रीच्या पट्ट्यातले जुने भात गोळा करून त्यांचा डीएनए तपासण्याचं काम होतं. सहायक पाहिजे होता, एकच.

मुलाखतीला पाचजण आले होते. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. मधुवंती इनामदार. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज खणखणीत. त्यांनी प्रश्न कमी विचारले आणि सगळ्यांना एकेका काम्प्युटरपुढं बसवलं.

"बारा भातांची माहिती आहे यात. काही जुने देशी, काही सुधारित. कोण कुणाच्या जवळचं ते शोधा आणि त्यांचा वंशवृक्ष काढून द्या. दोन तास."

चौघांचं दीड तासात झालं. संघप्रिया शेवटच्या मिनिटापर्यंत उठली नाही. तिनं वंशवृक्ष काढला होता, पण त्याखाली एक ओळ लिहिली होती: सातव्या क्रमांकावर आजरा घनसाळ, म्हणजे आजऱ्याकडचा जुना वासाचा भात, असं लिहिलंय, पण तो घनसाळ नाही.

तिला आत बोलावलं. मॅडमच्या शेजारी अभिराम बसला होता. चार वर्षं पीएचडी करत असलेला, चष्म्यामागचे डोळे तांबारलेले. ती ओळ वाचून तो ताडकन म्हणाला, "घनसाळच आहे तो. आजऱ्यातल्या एका घरातून मी स्वतः आणलाय. पाकिटावर माझ्या हातानं नाव लिहिलंय."

"नाव असेल, सर. पण आतला भात वेगळा आहे."

"प्रोग्रॅम चुकला नसेल कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"आधी मलाही तेच वाटलं. म्हणून दोन वेगळ्या पद्धतींनी करून बघितलं. मग सातवा बाजूला काढून उरलेले अकरा जुळवले. ते जागच्या जागी बसले. सातवा परत घातला की तो सुधारित भातांच्याच पंगतीला जाऊन बसतोय."

अभिरामनं मान झटकली. "मॅडम, माझं अख्खं तिसरं प्रकरण घनसाळवर आहे. अनुभव नसलेल्या माणसानं दोन तासांत..."

"कळवू आम्ही," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन संघप्रियानं बॅग टाकली आणि जाहीर केलं, "गेली नोकरी."

सगळं ऐकून शालननं कपाळाला हात लावला. "जरा तोंड आवरायचं की गं! घनसाळ तर घनसाळ म्हणायचं. तुझ्या बाचं काय जात हुतं?"

तिचा बा, गणपती, वीज मंडळात वायरमन. तो चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "ती का खोटं बोलंल? मला सांग पोरी, तुझं मीटर बरोबर हुतं न्हवं?"

"व्हय आबा. तीनदा बघितलं."

"मग बिघाड पुढं कुठंतरी हाय. हापिसात बसून न्हाय घावायचा त्यो. खांबापतूर चालत जावं लागतंय."

तिसऱ्या दिवशी मॅडमचाच फोन आला. त्यांनी सातव्याची तपासणी स्वतः पुन्हा केली होती आणि उत्तर तेच आलं होतं. "अभिराम म्हणतो, बाहेरच्या कंपनीत डीएनए वाचताना नळ्यांची अदलाबदल झाली असणार. तुला काय वाटतं?"

संघप्रियाला बापाचं बोलणं आठवलं. "मॅडम, कंपनीला विचारायच्या आधी आपण आजऱ्याला जाऊया का? ज्यांनी भात दिला त्यांनाच विचारू."

पलीकडं मॅडम हसल्या. "उद्या सात वाजता गाडी निघेल. ये तू पण."

गाडी जोतीराम चालवत होता, केंद्राचा जुना ड्रायव्हर. पुढं मॅडम, मागं संघप्रिया आणि अभिराम, मधे एक रिकामी सीट. वाटेवरचं उत्तूर येईपर्यंत अभिराम खिडकीकडं तोंड करून बसला होता. तिला वाईट वाटत होतं. चार वर्षांचं काम, आणि आपण त्यात बोट घातलं. पण खोटं तर लिहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला काजू मोहरले होते, त्यांच्याकडं ती बघत राहिली.

बनाबाईंचं घर गावाच्या टोकाला. साठीच्या, अंगानं काटक, कासोटा घातलेल्या बनाबाई अंगणात काजूबिया वाळत घालत होत्या. अभिरामला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आलासा पावणं! गेल्या साली आलतासा न्हवं? या, बसा. कोण ही पोरगी?"

"ही संघप्रिया," तो म्हणाला, आणि त्याला पुढं काय सांगावं सुचेना.

संघप्रिया पुढं झाली. "मावशी, ह्यांनी तुमच्याकडनं घनसाळचं बी नेलतं. ते आम्ही तपासलं, तर ते घनसाळ निघंना."

बनाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "काय म्हणतीस? माझ्या घरातला घनसाळ घनसाळ न्हाय? चाळीस वर्सं पेरतोय मी! शिजला की चार घरं पल्याड वास जातोय!"

"तुमच्या हातनंच दिलतासा का?"

"माझ्या हातनं, कणगीतनं काढून. पाकिटात घातला, ह्या कट्ट्यावर ठेवला, ह्यांना जेवाय वाढलं आन् मी शेताकडं गेलो." तिकडच्या बायका बोलतात तशा त्या 'गेलो' म्हणाल्या.

"मग पाकीट कुणी दिलं?"

"ह्यांनी." बनाबाईंनी सोप्यात पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडं बोट केलं.

ते आण्णा. फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर जरा जास्तच वर धरला होता.

"आवो!" बनाबाई गरजल्या. "काय केलासा?"

पेपर हळूहळू खाली आला. आण्णांनी घसा खाकरला. "त्याचं असं झालं... पावणं आत जेवत हुतं. तवर कोंबड्या आल्या. पाकीट फाडून निम्मं भात खाऊन टाकलं. आता पावण्याला काय तोंड दाखवायचं? म्हणून पावण्याच्या पिशवीतलं दुसरं पाकीट घेतलं, त्यावर तसंच नाव लिहिलं, आन् दारातल्या पोत्यातलं भात भरलं."

"दारातल्या? ते दुकानातनं आणल्यालं बियाणं हुतं! घनसाळ बारका असतोय, ते लांबडं! तुमाला डोळं हायती का बटनं?"

"भात त्यो भातच की," आण्णा पुटपुटले.

पहिला हसला तो अभिराम. आधी नाकातून, मग पोट धरून. चष्मा काढून डोळे पुसत तो म्हणाला, "आण्णा, अक्षर हुबेहूब माझं काढलंत हो! चार महिने मी ते पाकीट हाताळलं, मला कळलं नाही."

"फौजेत मी कारकून हुतो," आण्णा जरा ऐटीत म्हणाले. त्यावर बनाबाईसुद्धा हसल्या.

त्यांनी कणगीतून नव्यानं भात काढला. बारके, गोलसर दाणे. अभिरामनं ते या वेळी मोजून, फोटो काढून, तीन पिशव्यांत घातले.

बनाबाईंनी संघप्रियाला जवळ बसवून घेतलं. "आन् तुला कोल्हापुरात बसून कसं कळलं गं, ह्ये कोंबडीनं खाल्लंय म्हणून?"

"कोंबडी न्हाय कळली, मावशी. कुठला भात कुठल्या भाताचा भाऊबंद, एवढंच कळतंय."

"म्हंजे सोयरीक काढतीस."

"व्हय, तसंच."

"चांगला धंदा हाय," बनाबाई म्हणाल्या आणि तिच्या ओंजळीत काजू घातले.

परतताना अभिराम मधल्या सीटवर सरकून बसला. "तिसरं प्रकरण परत लिहावं लागणार," तो म्हणाला. "सहा महिने गेले. काल रात्रभर मला तुझा राग येत होता. पण तू बोलली नसतीस तर ते चुकीचं छापून आलं असतं, आणि मग जन्मभर मान खाली. तुझी ती दुसरी पद्धत मला शिकवशील?"

"शिकवते की, सर."

"सर नको म्हणू."

मॅडम मागं वळल्या. "पुढं काय करायचं ठरवलंयस?"

"मला वाटायचं, हे काम फक्त मोठ्या शहरात, इंजिनीअर लोकांचं."

"काहीतरीच. कॅन्सरच्या रुग्णांची माहिती पडून आहे, जनावरांच्या पैदाशीची आहे, नदीतल्या जिवाणूंची आहे. ढीग लागलेत, वाचायला माणसं नाहीत. काम्प्युटर शिकलेला मिळतो, जीवशास्त्र शिकलेलाही मिळतो. दोन्ही येतं, आणि वर शेतात जाऊन विचारायला लाजत नाही, असं कोणी मिळत नाही. सोमवारपासून ये."

जोतीरामनं आरशातून बघत हॉर्न वाजवला. समोर रस्त्यावर कुणीच नव्हतं.

बनाबाईंचं बी रुजवलं, कोवळ्या पानांचा डीएनए काढला, आणि दीड महिन्यानं त्याची माहिती आली. संघप्रिया आणि अभिरामनं मिळून वंशवृक्ष काढला. आता सातवा बाकीच्या गावांतून आणलेल्या घनसाळांतच बसला. पण अगदी त्यांच्यात नाही, जरासा बाजूला, स्वतःची एक वेगळी फांदी काढून. त्यांनी दोनदा, चारदा तपासलं. फांदी हलेना.

"आता काय चुकलं?" अभिरामनं धसका घेतला.

"काही चुकलं नसेल," संघप्रिया म्हणाली आणि तिनं बनाबाईंना फोन लावला. "मावशी, हे बी तुमच्या घरात आलं कुठनं?"

"माझ्या आयनं दिल्यालं, लग्नात. माझं म्हायार गगनबावड्याच्या वर, वाडीत. तितं अजून माझा भाऊ पेरतोय. खालच्या घनसाळाला त्यो नावं ठेवतोय बघ, म्हणतोय, आमचाच खरा."

संघप्रियानं फोन ठेवला आणि वंशवृक्षातल्या त्या फांदीपुढं 'गगनबावडा' असं लिहिलं. मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"हे तुझं," त्या म्हणाल्या. "गगनबावड्याचा भात डोंगर उतरून आजऱ्याला कसा आला, आणि दोन्हीकडं कसा बदलत गेला. यावर पीएचडी होते. माझ्याकडं एक जागा आहे. अर्ज कर."

त्या रविवारी घरी जेवणानंतर संघप्रियानं लॅपटॉपवर पीएचडीचा अर्ज उघडला. गणपतीनं वायर हलवून चार्जर नीट लावून दिला. शालन शेजारी टेकली. विषयाच्या रकान्यात संघप्रियानं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, चौथ्यांदा तसंच ठेवलं. मग अभिरामला निरोप धाडला की गुरुवारी गगनबावड्याला जायचं, गाडी सांगून ठेव, आणि छत्री घे, वर वळीव कधीही येतो.