बाबा तहानलेले परतले

'दिलेल्या ओळींतून निघतं तेवढंच निवडा, मनाला बरं वाटतं ते नाही,' असं आदिलाबादच्या क्लासमधले सर घसा फोडून सांगत. तेजस्विनी नेमकं उलटं करायची. सरकारी नोकरीच्या परीक्षेचं बाकी सगळं तिला जमे, अनुमानाच्या प्रश्नांत मात्र हमखास मार्क जायचे.

आज जैनथच्या घरी ओसरीवर ती तोच सराव करत बसली होती, पण जीव बेल्लमपल्लीत होता. तिचे बाबा, मारोतराव, तिकडे तिच्यासाठी मुलाचं घर बघायला गेले होते. जमलं तर लग्न परीक्षेआधी आणि सुनेनं पुढे शिकायचं नाही, हे त्या मंडळींनी आधीच कळवलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दार सताड उघडं, तरी पोरगी कोंडल्यासारखी बसली होती.

ऊन उतरताना मारोतराव आले. आल्या आल्या त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा रिचवलं, मग दुसरा तांब्या भरला.

"भाकर वाढ. सकाळपासून पोटात काई नाई."

"चहासुदा नाई?" प्रयागबाईनं, तिच्या आईनं, विचारलं.

"नाई."

ताट वाढून आई तोंडाला पदर लावून आत गेली. तेजस्विनीनं ओळी जुळवल्या. दिवसभर पाहुणा, चहा नाही, पाणी नाही, आईला रडू आलेलं. म्हणजे बिनसलं. बाबांचा अपमान झाला आणि तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला लाज वाटली, तरी तो आवरेना.

"जाऊ द्या बाबा," भाजी वाढत ती म्हणाली. "अशा लोकायच्या नादी काऊन लागाव?"

मारोतरावांचा घास थांबला. "अशा म्हंजे? लई भले लोक हायेत. ताट वाढून हात धरून राह्यले होते."

"मग जेवले काऊन नाई?"

"ठरल्याबिगर कसं जेवाव? अन् ठरल्यावर लेकीच्या घरचं पाणी बाप कसा पिईन?"

इतक्या मायेनं म्हणाले, की तिला रागावताही येईना. थोरल्या लेकीच्या, सुवर्णाच्या, सासरी जातानाही ते घरून पाण्याची बाटली नेत. ही ओळ तर तिच्या समोरच होती.

प्रयागबाई बाहेर आली ती साखरेची वाटी घेऊन, हसत.

"अन् माही परीक्षा, बाबा?"

मारोतरावांनी ताटाकडे बघत आणखी एक भाकर मागितली.

या वेळी तेजस्विनीचं अनुमान चुकलं नाही.