बुंदीचं वजन

अभिराम कायमचा पुण्याला निघाला, तेव्हा नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातल्या त्याच्या घरातलं सामान मित्रमंडळींनी आपापसांत वाटून घेतलं. कुणी सायकल नेली, कुणी कपाट. यतीन मांजर घेऊन घरी आला. बुंदी तिचं नाव. बुंदीबरोबर तिचं मशीनही आलं, आणि खरं सांगायचं तर यतीनचा जीव मांजरापेक्षा त्या मशीनवरच जडला होता.

मशीन म्हणजे मांजराचा आपोआप साफ होणारा संडास. वॉशिंग मशीनसारखा मोठा गोल ड्रम, आत वाळू. मांजर आत जाऊन आपलं काम उरकून बाहेर आलं, की थोड्या वेळाने ड्रम सावकाश फिरायचा, वाळू चाळली जायची आणि नको ते खालच्या खणात जाऊन पडायचं. मांजर आत आहे की बाहेर, हे मशीन वजनावरून ओळखायचं. ते वजन मोबाइलवर दिसायचं. यतीन हेगमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. जगातली कुठलीही गोष्ट मोबाइलवर दिसू लागली, की तिचं भलं झालं असं त्याचं प्रामाणिक मत. घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायच्या आधी मशीनचं दर्शन घडायचं.

सुनेत्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, मशीन छोट्या खोलीत ठेवताना त्याखाली गोधडी घातली. खालच्या मजल्यावरच्या मेफ्राउ फिसर, म्हणजे फिसरबाई, एकदा मिक्सरच्या आवाजाबद्दल विचारायला वर आल्या होत्या. तेव्हापासून या घरात आवाज करणारी एकही वस्तू उघड्या जमिनीवर उभी राहिली नव्हती. मिक्सरखाली टॉवेलची घडी, शिलाई मशीनखाली सतरंजी. तसंही सुनेत्राच्या माहेरी घरात नवी वस्तू आली की खाली काहीतरी घालायचं आणि वरून कव्हर शिवायचं, ही रीतच होती. या मशीनला कव्हर शिवता आलं नाही याची तिला जरा रुखरुख लागली होती.

आणि मग बुंदीने घरादाराला वेठीला धरलं.

पहिल्या दिवशी ती शहाण्यासारखी ड्रममध्ये गेली. दुसऱ्या दिवशी ती आत बसलेली असतानाच ड्रम घरघरला. बुंदी अशी काही बाहेर उसळली, की वाळू दारापर्यंत सांडली. त्यानंतर तिने त्या खोलीचं नाव टाकलं. सोफा झाला, पायपुसणं झालं, आणि सोमवारी सकाळी यतीनची ऑफिसची बॅग झाली.

बॅगेपाशी यतीनची सहनशक्ती संपली. मशीनवर त्याने आपल्या परीने सगळे उपाय करून पाहिले होते. बंद करून चालू केलं, ॲप काढून पुन्हा टाकलं, वायफाय बदललं. सॉफ्टवेअरवाल्याला याच्यापुढे कुठलं औषध ठाऊक असणार?

"अभिरामकडे व्यवस्थित चालत होतं ना? मग मशीन चांगलंच आहे," तो म्हणाला. "मांजरच रुळत नाहीये. मास्ट्रिख्टला ती भार्गवी आहे ना, पीएचडी करते ती, तिला हवंच होतं मांजर. शनिवारी न्यायला येईल ती."

संहिता, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, तडक उठली. ती सोफ्यामागे जाऊन बुंदीला कुशीत घेऊन बसली. संध्याकाळी जेवायला बोलावलं तेव्हा एवढंच म्हणाली, "बट शी डिडन्ट डू एनीथिंग राँग, आई."

संहिता इथे आली तेव्हा तिला इथली डच भाषा येत नव्हती. अख्खं वर्ष ती शाळेत गप्प बसून होती. आता कुठे ती शाळेतून धावत घरी यायची, आणि दप्तर टाकायच्या आधी बुंदीला दिवसभराचं सगळं सांगायची, तेही चक्क मराठीत. आई मराठीत बोलली की इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी मांजराशी मात्र मराठी बोलते, याचा सुनेत्राला राग यावा की आनंद व्हावा हे कळत नव्हतं. पण बुंदी जाता कामा नये, हे तिला पक्कं कळत होतं.

बुधवारी शाळा दुपारीच सुटते. संहिता खिन्न चेहऱ्याने टॅब घेऊन बसली होती. यतीनने तिच्यासाठी टॅबवर मशीनचं ॲप ठेवलं होतं, तेच ती उघडून बसली होती.

"आई, लुक. पहिल्या दिवशी बुंदी वॉज टू किलोज. अँड देन शी वॉज फाइव्ह. अँड देन वन."

सुनेत्रा कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"पुन्हा सांग."

संहिताने पुन्हा सांगितलं. सुनेत्राने कणकेच्या हातानेच टॅब ओढून घेतला. दोन, मग पाच, मग एक. मांजर काही एका दिवसात एवढं फुगत नाही आणि आटतही नाही. आणि वजनाचे असे आकडे सुनेत्राने काही पहिल्यांदा पाहिले नव्हते.

लग्नाआधी आणि नंतरही ती भोसरीच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती. काटा खोटं बोलतो अशी तक्रार आली, की साहेब म्हणायचे, सुनेत्राला पाठवा. बाजार समितीतले पुरुषभर उंचीचे काटे तिने गुडघ्यावर बसून उघडले होते. इथे आल्यावर तिने अर्ज केले, नम्र नकार वाचले, पुन्हा केले, आणि मग एक दिवस करायचे सोडून दिले. परवा शाळेच्या दारात बाईंनी संहिताला विचारलं होतं, आई काय करते? संहिता म्हणाली, "मेन मूडर इस टाउस." माझी आई घरी असते. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं होतं.

"संहिता, साखरेचं पुडकं आण. न फोडलेलं."

"व्हाय?"

"आण तर."

एक किलोचं पुडकं सुनेत्राने ड्रममध्ये डावीकडे ठेवलं. टॅबवर अर्धा किलोही दिसेना. उजवीकडे ठेवलं, जरा जास्त. मागे ठेवलं, काहीच नाही. पुढे ठेवलं, दीड किलो. चारही बाजूंना तेच वजन ठेवून बघायचं, ही काट्याची पहिली परीक्षा. ती तिने झोपेतही घेतली असती. परीक्षेत मशीन सपशेल नापास झालं होतं.

"इट्स ब्रोकन?"

"मोडलेलं नाहीये. याच्या पायांत वजन मोजणारे सेन्सर असतात. सगळं वजन पायांवरच आलं पाहिजे. खाली जमीन कडक नसेल, तर पाय रुततात आणि तळ टेकतो, मग अर्धं वजन जमीनच पेलते. मशीनला वाटलं बुंदी बाहेर गेली, म्हणून ती आत असतानाच ते फिरलं. दुकानदारांना मी किती ओरडायचे माहितीय? अहो, काट्याखाली पोतं घालू नका, काट्याखाली पोतं..."

ती वाक्याच्या मध्येच थांबली. मग तिने वाकून मशीनखाली पाहिलं.

आईच्या जुन्या साड्यांची, चांगली चार थरांची, मऊसूत गोधडी. स्वतःच्या हाताने, कोपरे नीट जुळवून घातलेली. साऱ्या पिंपरी-चिंचवडला पोत्यांवरून फैलावर घेणाऱ्या बाईने आपल्या घरातल्या काट्याला गादी घातली होती. सुनेत्राने कपाळावर हात मारला. कपाळाला कणीक लागली. मग तिला असं काही हसू फुटलं, की ती तिथेच फरशीवर बसली. आईला काय झालं ते संहिताला कळेना, पण आई हसतेय म्हणून तीही हसत सुटली.

दोघींनी मिळून गोधडी ओढून काढली. मशीन उघड्या फरशीवर ठेवलं. संहिताची गोटी फरशीवर सोडून जमीन सपाट आहे ना ते पाहिलं; गोटी जागची हलली नाही. मग पुन्हा साखर. डावीकडे एक किलो. उजवीकडे एक किलो. मागे, पुढे, एक किलो.

"इट वर्क्स! आई, हाउ डिड यू नो?"

"मला येतं ते," सुनेत्रा म्हणाली. किती दिवसांनी हे वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं, ते तिलाच आठवेना.

यतीन घरी आल्यावर त्याला सगळं प्रात्यक्षिक दाखवण्यात आलं. त्याने साखरेचं पुडकं स्वतः चारी बाजूंना ठेवून पाहिलं आणि मान डोलावली. पण बॅगेचं दुःख ताजं होतं. "मशीन सुधारलं गं. मांजर कुठे सुधारलंय? ती आत पाय ठेवत नाही. भार्गवीने तिकीटही काढलंय."

ते खरंच होतं. बुंदी दारापर्यंत यायची, वास घ्यायची आणि पायपुसण्याकडे वळायची. सुनेत्राने आपोआप फिरण्याचं बटण बंद केलं, वाळू हाताने साफ केली, दार उघडं ठेवलं आणि बुंदीच्या मागे लागायचं नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद दिली. शुक्रवार गेला. बुंदी आत गेली नाही.

शनिवारी भार्गवी आली, मांजराचा पिंजरा घेऊन. मुलगी गोड होती, त्यामुळे तिचा रागही करता येईना. चहा झाला. संहिता पिंजऱ्याकडे बघायचं टाळत खिडकीशी उभी होती. यतीन उगाचच हवामानावर बोलत होता.

तेवढ्यात बुंदी सोफ्याखालून निघाली. शेपटी ताठ. पिंजरा हुंगला, त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि पाहुण्यांच्या देखत ठुमकत त्या छोट्या खोलीत गेली. यतीनचं हवामान अर्ध्यावरच राहिलं. सगळे कान देऊन बसले. आतून वाळू उकरल्याचा आवाज आला.

"फोर पॉइंट टू!" टॅब पाहत संहिता कुजबुजली. "आई, डॉक्टरकडे पण तेवढीच होती!"

बुंदी बाहेर आली. सुनेत्रा उठली आणि तिने बंद केलेलं बटण पुन्हा दाबलं. खरी परीक्षा आता होती. ड्रम घरघरला, फिरू लागला. बुंदीने कान टवकारले. पळाली मात्र नाही. मागचे पाय दुमडून ड्रमसमोर बसली आणि तो थांबेपर्यंत टीव्ही बघावा तशी बघत राहिली. भार्गवीने टाळ्या वाजवल्या. मांजराने शी केली म्हणून चार शिकल्यासवरल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यावं, हे जगात इतर कुठे घडलं असेल असं वाटत नाही.

यतीन खाकरला. "भार्गवी, अगं, आता तुला कसं सांगू..."

"दादा, सांगू नका काही," भार्गवी हसली. "हिचं घर हेच आहे. पण ताई, हे केलंत कसं तुम्ही?"

सुनेत्रा उत्तर देण्याऐवजी स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हेही माहेरचंच. पिंजऱ्यात शंकरपाळ्यांचा डबा आणि चिवड्याची पिशवी बसली, दार लावलं गेलं, आणि सगळे भार्गवीला लिफ्टपर्यंत सोडायला निघाले.

लिफ्टमधून मेफ्राउ फिसर बाहेर पडल्या. चुकून वरच्या मजल्याचं बटण दाबलं गेलं होतं. पिंजरा पाहून त्यांनी संहिताला डचमध्ये विचारलं, मांजर चाललं का? आणि त्या मशीनचा तुम्हाला फार त्रास होतो का, असं सुनेत्राने ओशाळून विचारल्यावर म्हणाल्या, "कुठलं मशीन?"

संहिता पुढे झाली. तिच्या एका हातात ती गोधडी होती. बुंदीचं अंथरूण म्हणून ती तिला मिळाली होती. ती डचमध्ये, जिन्यात घुमेल अशा आवाजात म्हणाली, की मांजर कुठेही जात नाही, मशीन चुकत होतं, बाबांना जमलं नाही, आईने दुरुस्त केलं.

मेफ्राउ फिसर म्हणाल्या, "अरे वा, आईला येतं हे?"

"मेन मूडर," संहिता म्हणाली, आणि मान उंच करून आईकडे पाहिलं, "इस इंझेन्यूर."

सुनेत्राला भाषांतराची गरज नव्हती. तिने पदराशिवायच डोळे टिपले, कारण जीन्सला पदर नसतो, आणि यतीनला म्हणाली, "माझा जुना बायोडेटा कुठे ठेवलायस रे तू? आज काढ."