काचेखालचा दोरा

मोरीचा पाइप फुटून पाणी मुरलं, खालची चिकणमाती फुगली, चौकट दबली आणि आई आपल्याच खोलीत अडकली. पहारीने दार उचकटेपर्यंत ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. तेव्हापासून ती व्हरांड्यात झोपते.

धाकटा भाऊ गवंडी. त्याने तिच्यासाठी नवी खोली बांधली. जमिनीतली माती उकरली, फुगू नये म्हणून तिच्यात दगडाची बारीक कच मिसळली आणि चोपून भरली. आता फरशी तेवढी बसवायची होती.

"आधी पाणी पाजून दाखव," आई म्हणाली.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!" धाकटा कुरकुरला. तरी त्याने दोन डब्यांच्या तळाला भोकं पाडली. एकात नुसती माती काठोकाठ चोपली. दुसरा भरायला तो खोलीच्या मधोमध वाकला.

"कोपऱ्यातली घे," मी म्हटलं.

"ताई, माती ती मातीच."

"मग कोपऱ्यातली घ्यायला तुझं काय जातं?"

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. कोपऱ्यात त्याने घाईने ढेकळं न फोडता, कच नीट न मिसळताच माती दडपली होती. मी ते पाहिलं होतं. पण त्याने तिथलीच घेतली.

डब्यांवर काचा ठेवल्या आणि डबे पाण्याच्या परातीत उभे केले. दुपारपर्यंत कोणी धड जेवलं नाही. नुसत्या मातीने काच केव्हाच उचलली होती. कच मिसळलेल्या मातीच्या डब्यावरची काच मात्र जागची हलली नव्हती.

"बघा! बसव रे फरशी," धाकट्याने दारातल्या फरशीवाल्याला हाक मारली.

"थांब, फार शहाणा." आईने रिळाचा दोरा ताणून काचेखाली सारला. एका बाजूला अडला. दुसऱ्या बाजूलाही अडला. तिसऱ्या बाजूने सरकन आत गेला.

धाकट्याने पटकन काच दाबली. "आता घाल."

"अंगठा काढ."

"आई, दोऱ्याएवढं तर आहे!"

"दार तरी कितीसं अडलं होतं रे?"

त्याने अंगठा काढला. फरशीवाल्याला म्हणाला, "आज नको." मग कुदळ घेऊन कोपऱ्याकडे वळला.

"ते नंतर," आई म्हणाली. "आधी माझ्या जुन्या खोलीचं दार उतरव. व्हरांड्यात पाठ धरते."

त्याने बिजागऱ्या खोलल्या. आम्ही दोघांनी दार उचलून अंगणात नेलं. मागे वळून पाहिलं, तर आई उशी घेऊन आत निघाली होती.