ङ कामाला लागला

साउलेच्या आजीला कझाकमध्ये ‘या, स्वागत आहे’ म्हणायचं, एवढंच अनुपचं काम होतं. आजी अल्माटीहून खास नातीचा होणारा नवरा बघायला येत होती, आणि तिचा नकार आजवर कुणाला फिरवता आला नव्हता.

“कोश केलदिङ-इझ,” साउलेने घोटून घेतलं. “शेवटचं ‘इझ’ खाल्लंस तर आजीला ‘तू’ म्हटल्यासारखं होईल.”

म्हणजे इथेही अहो-जाहो. अनुप खूश झाला. त्याहून खूश झाला तो ङमुळे. पुण्याच्या शाळेत घोकलेला हा बिचारा, वाङ्मय सोडलं तर आयुष्यभर बेकार. कझाकमध्ये मात्र चोवीस तास ड्यूटीवर.

डावखुऱ्या अनुपने वाक्य उजव्या तळहातावर देवनागरीत लिहिलं आणि दोघं एअरपोर्टला निघाली.

“आमच्या पणजोबांची पत्रं अरबी लिपीत,” गाडीत साउले म्हणाली. “आजीची थोरली बहीण शाळेत लॅटिन शिकली, आजी रशियनवाली सिरिलिक. आता पुन्हा लॅटिन आणायचं चाललंय. त्याचे आराखडे ॲपसारखे अपडेट होतात.”

“आणि भाषा?”

“ती कुठे जातेय?”

इतक्यांदा कपडे बदलायला लावले तरी बोलणं न थांबवणाऱ्या त्या भाषाबाईला अनुपने मनातल्या मनात नमस्कार केला. हात रिकामे नव्हते. इंग्लंडातल्या त्यांच्या मिल्टन कीन्समधून बाहेर पडायचं म्हणजे राउंडअबाउटवर राउंडअबाउट, आणि स्टिअरिंग सारखं तळहातावर घासत होतं.

आजी समोर आली. अनुपने हात पाहिला. ‘कोश केलदिङ’, आणि पुढे निळा डाग. आदर स्टिअरिंगला लागला होता. इतकं घोटलेलंही डोक्यातून गेलं. तोंड मात्र उघडलेलं होतं.

“आजी,” तो म्हणाला.

“अझे,” म्हातारीने बोबड्या नातवाचा उच्चार सुधारावा तसा सुधारला. कझाकमध्ये आजीला अझेच म्हणतात. मग तिने त्याचा हात ओढून घेतला, ती अक्षरं निरखली, आणि साउलेला काहीतरी सांगितलं.

“म्हणतेय, आमच्या घरातली ही चौथी लिपी. पण वाक्य अर्धवट आहे.”

आजीने पर्समधून पेन काढलं आणि ङच्या पुढे सिरिलिकमध्ये ‘इझ’ लिहिलं.

“म्हणतेय, मान माझा मी लिहून घेतला. लग्नाची तारीख तुम्ही लिहा.”

त्या दिवशी अनुपने वरणभात चमच्याने खाल्ला.