दोन हजारांची टाकी

तुमच्या गावात माणसं किती आहेत, असं कधी कुणी तुम्हाला विचारलंय का? मला विचारा. मी मावळातल्या, कान्हे स्टेशनच्या अलीकडच्या एका गावातली पाण्याची टाकी बोलतेय.

पस्तीस वर्षांपूर्वी मला बांधलं, तेव्हा गावात हजारभर माणसं होती. ‘पुढं वाढतील,’ म्हणून साहेबांनी मला दोन हजारांच्या हिशेबानं बांधलं. मग कारखाने आले. भाताच्या खाचरांत खोल्या उठल्या. लातूर, बिहार, ओडिशाकडची माणसं राहायला आली. आज सहा हजार जण माझं पाणी पितात. मला दिवसातून तीनदा भरतात. एका खांबाचं सिमेंट सुटून आतले गज दिसू लागलेत. माझ्याखाली अंगणवाडी भरते. पोरं गाणी म्हणायला लागली की मला धडकी भरते.

नवी टाकी हवी का, हे ठरवायला सरकारी मॅडम घरोघरी माणसं मोजायला येणार होत्या. मोजणी दोन हजारांच्या आत राहिली, तर नवी टाकी नाही.

आदल्या दुपारी रतनबाई माझ्या पायाशी आल्या. त्यांच्या आठ खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्यांची भाडेकरू, लातूरची तेजल, नळावर हंडा भरत होती.

“उद्या सकाळीच पोरं घिऊन तळेगावला जा. मोजनी हाय, समद्या गावानं ठरवलंय. भाड्याच्या खोल्यांना कुलपं लावायची.”

“मावशी, पाणी तर आम्ही इथलंच पितो ना?”

“पितीस ना? मग गप पी.”

पाणी सोडणारा केरबा तिथंच होता. “आक्का, मानसं लपवून टाकीचं वझं कमी व्हतं व्हय? तो खांब बघा जरा.”

“तू पान्याचा वाल फिरव, केरबा. आमाला नको फिरवू.” मग त्यांचा आवाज खाली आला. “कागदावर ही भायेरची चार हजार, आन् आमी गाववाली दोन. मग गाव कुनाचं रं?”

केरबा वाल फिरवायला वळला. बाईंची भीती खोटी नव्हती. पण त्यांची नातही माझ्याखालीच बसते. मला तोंड असतं तर ओरडले असते, ‘भांडा, रुसा, पण माणसं आहेत तेवढी लिहा. मला कागद पेलायचा नाही हो, पाणी पेलायचंय!’

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांना कुलपं होती. मॅडम एक हजार नऊशे सव्वीस माणसं लिहून घेऊन गेल्या. दहा वाजता अंगणवाडी भरली, आणि केरबानं मला काठोकाठ भरलं.