काकांचा आवाज आणि जुनं साउंड कार्ड

मावशीच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीबाहेरही लोक माना उंचावून उभे. कॉम्प्युटरवर हात ठेवून बुवा म्हणाले, "ताई, डोळे मिटा. माइकजवळ म्हणा, मी इथेच आहे, काळजी करू नकोस."

मावशीने म्हटलं. बुवांनी कीबोर्डवर फुंकर मारली. मारता मारता एक बटणही दाबलं. स्पीकरमधून खर्जातला पुरुषी आवाज आला, "मी इथेच आहे... काळजी करू नकोस..."

"काका!" गर्दी शहारली. काकांना जाऊन वर्ष झालं होतं.

"पण ते मावशीचेच शब्द कसे बोलतात?" मी विचारलं.

"इतक्या वर्षांचा संसार," शेजारीण डाफरली, "वेगळे शब्द कुठून आणतील?"



मावशी अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. त्या जुन्या कॉम्प्युटरात आवाज टिपणारं-वाजवणारं साउंड कार्ड काकांनीच बसवलेलं. मग बुवांनी 'यंत्रशुद्धी' केली, काका बोलू लागले आणि वाचन बंद पडलं. आता तर यंत्र बुवांच्या आश्रमात हलवायचं घाटत होतं.

अर्धवट राहिलेल्या कादंबरीची चौकशी करायला गाण्याच्या बाई आल्या होत्या. त्यांना दिसत नाही. "पुन्हा लावा बरं," त्या म्हणाल्या आणि ऐकून हसल्या. "'काळजी' म्हणायच्या आधी ही अशीच दम घेते. ही तुमची मावशीच आहे. फक्त संथ आणि खालच्या पट्टीत."

"आत्म्याला पट्टी लावू नका!" बुवा गरजले.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. कार्डाशी बोलायला कॉम्प्युटरला एक दुभाषा लागतो, तोच ड्रायव्हर. इथे भलत्याच कार्डाचा ड्रायव्हर बसला होता. त्यामुळे रेकॉर्ड केलेलं निम्म्या वेगाने वाजत होतं.

"हा कुणी टाकला?"

"शुद्धीच्या वेळी मीच..." बुवा म्हणाले आणि जीभ चावली.

कार्डाबरोबर आलेली सीडी शोधून मी योग्य ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि तेच रेकॉर्डिंग लावलं. मावशीचा बारीक, स्वच्छ आवाज आला.

"घालवलात ना आत्मा!" बुवा ओरडले.

"परत आणते की." चुकीचा ड्रायव्हर टाकला, काका आले. बरोबर टाकला, काका गेले. लोक हसू लागले. शेजारीणसुद्धा.

मावशीने मात्र स्पीकरवर हात ठेवला. "म्हणजे इतके दिवस मीच मला धीर देत होते?"

"हो, मावशी."

तिने डोळे पुसले. "मग बुवा कशाला हवेत? बुवा, तुमच्या चपला दाराबाहेर आहेत."

गेलेल्या माणसाची आठवण येणारच. पण त्या दुःखात कुणी यंत्रातून त्याला बोलवून दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा : आत काय बसवलंय, आणि कुणी?