विवेकचे निर्जळ

आपल्या देहाशी आपण जे करतो, ते केवळ आपल्यापुरते करतो, अशी मनुष्याची समजूत असते. उपवास करावा, भार उचलावा, रुचीचा त्याग करावा. यात दुसऱ्याचे काय जाते? परंतु घरात राहणाऱ्याचा देह सर्वस्वी त्याचा एकट्याचा नसतो. त्याच्या पानात काय वाढले गेले आणि काय तसेच राहिले, याकडे कोणाचे तरी लक्ष असते. जो पाहतो, तो त्याचा काही अर्थ लावतो. तो अर्थ चुकीचा, पण सुंदर असला, तर तो दुरुस्त करण्याचे दायित्व कोणाचे? भाद्रपदातील एका दुपारी हा प्रश्न गंगाखेडच्या एका शाळेतील लिपिकापुढे उभा राहिला.

त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सायंकाळी, तो लिपिक खताच्या दुकानावरच्या जिममध्ये उघड्या अंगाने उभा होता.

“सर, श्वास सोडा,” असे म्हणून जिमचा चालक भागवत याने त्याच्या पोटावरची त्वचा चिमटीत धरली. ती चिमटीत नीट येईना. भागवतचा चेहरा उजळला.

“जमलं बघा! आता शेवटचं काम. ह्या घडीपासून पाणी बंद. एक घोटबी न्हाई. परवा दुपारी परभणीत स्टेजवर चामडी कशी कागदावानी बसली पाह्यजे. तोंड लयच सुकलं तर चूळ भरा अन् थुंका.”

“उद्या घरी आईचं श्राद्ध आहे, भागवत. अविधवा नवमी.”

“मग बरंच की सर! पितरपाटात करणाऱ्याला उपासच असतो न्हाई का?”

“ब्राह्मण जेवेपर्यंत असतो. नंतर उरलेलं अन्न, शेष, प्रसाद म्हणून घ्यावंच लागतं.”

“एक घास तोंडाला लावा अन् सारा बाजूला. कोण बघायलंय?”

विवेकने सदरा अंगात घातला. एके काळी अंगाला घट्ट होणारा तो सदरा आता खांद्यांवरून लोंबत होता.

विवेकचे वय बेचाळीस. आयुष्याची अठरा वर्षे त्याने शाळेच्या कार्यालयात एकाच खुर्चीवर, बोनाफाईड दाखले लिहीत व्यतीत केली होती. तीन वर्षांपूर्वी मातोश्री सुमंगलाबाई मधुमेहाने गेल्या. त्यानंतरच्या पंधरवड्यात शाळेचा एकच जिना चढताना तो मध्ये दोनदा थांबला, आणि त्याच संध्याकाळी त्याने भागवतची जिम गाठली. प्रथम हेतू केवळ आरोग्याचा होता. मग मोबाईलवरच्या चित्रफितींनी त्याला निरनिराळे प्रयोग शिकविले. एकदा त्याने एकवीस दिवस काकडी आणि अंड्यांतील पांढरा भाग यांवर काढले. अंडी अर्थातच जिममध्ये. एका उन्हाळ्यात तो भर दुपारी अंगात रेनकोट घालून परळी रस्त्यावर धावत असे. “सर, आभाळ तर कुठं दिसना!” असे शेताकडे जाणारे लोक म्हणत. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून तो पिंपात गळ्यापर्यंत बसला, त्यानंतर आठ दिवस तापाने निजला. या सर्वांतून चौऱ्याण्णव किलोंचा विवेक अडुसष्ट किलोंचा झाला, आणि चाळिशीपुढील गटातील शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी भागवतने त्याचे नाव नोंदविले. खुर्चीत बसून गेलेल्या आयुष्यात एकदा तरी लोकांसमोर ताठ उभे राहावे, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने पत्नी मैथिलीखेरीज कोणालाही सांगितली नव्हती.

वडील विष्णुपंत, म्हणजे घरचे अण्णा, यांना तर मुळीच नाही. विष्णुपंत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. साठ वर्षे त्यांनी गोदावरीच्या घाटावर याज्ञिकी केली होती. त्यांच्या दृष्टीने अन्नत्यागाला एकच कारण संभवत होते. सोळा आठवड्यांपूर्वी विवेक दिवसातून एकदाच जेवू लागला. अण्णांनी मनाशी म्हटले, एकभुक्त धरले. बारा दिवसांपूर्वी त्याने मीठ सोडले. अण्णांना पटले की हे अळणी व्रत आहे. संध्येला न बसणारा मुलगा आईच्या तिथीसाठी इतके करतो, याचे त्यांना नवल वाटे आणि त्या नवलाने ते सुखावत. विवेक काही खोटे बोलला नव्हता. फक्त काही बोललाही नव्हता.

त्या गुरुवारी सायंकाळी त्याने चहा नाकारला, तेव्हा अण्णांनी विचारले, “पाणी तरी घे की रे.”

“पाणीही नाही, अण्णा.”

अण्णा भिंतीवरच्या सुमंगलाबाईंच्या तसबिरीकडे पाहत हळूच म्हणाले, “निर्जळ!” आणि हातातला पेला त्यांनी तसाच खाली ठेवला. त्या पेल्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

शुक्रवारी ऊन सकाळपासूनच प्रखर होते. सोवळ्यात स्वयंपाक करीत असलेल्या मैथिलीने विवेकला दाराशी गाठले.

“अहो, अण्णांना सांगा. घाटावर सगळ्यांना सांगून आलेत ते. शेजारच्या अर्पितावहिनी मघाशी मलाच नमस्कार करायला लागल्या, असा नवरा मिळाला म्हणून. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“परवा सांगतो. स्पर्धा होऊन जाऊ दे.”

“आणि आज शेष जेवणार का नाही?”

विवेक कोरड्या ओठांवरून जीभ फिरवीत उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि ती आत वळली.

अकराच्या सुमारास पाथरीहून एसटीने योगीराजबुवा आले. पितरांच्या पाटावर बसण्यासाठी विष्णुपंतांनी त्यांनाच बोलावले होते. देह स्थूल, वाणी मोकळी. विवेकला पाहताच ते उंबऱ्यावर थबकले.

“हे काय बघायलो मी? अरे, हा विवेक आहे का त्याचा सांगाडा? सूनबाई, जेवायला घालता का नुसतं ताट दाखवता?”

“व्रत आहे त्याचं,” अण्णा म्हणाले. त्यांचा स्वर घोगरा होता. “सोळा आठवडे एकभुक्त. बारा दिवस अळणी. कालपासून निर्जळ.”

योगीराजबुवांनी आपल्या पोटावरून हात फिरवला. “विष्णुपंत, आमच्यासारख्यांनी आता कुठं तोंड लपवावं? वडे तरी जपून खावेत म्हणतो आज.”

सगळे हसले. विवेकही हसला, तेव्हा त्याचा खालचा ओठ चिरला.

कर्म सुरू झाले. देवांच्या पाटावर ब्राह्मणाच्या जागी दर्भबटू ठेवला होता, पितरांच्या पाटावर योगीराजबुवा, आणि पलीकडे सवाष्ण म्हणून अर्पितावहिनी. अण्णा भिंतीला टेकून मंत्र सांगत होते, विवेक पळीने बुवांच्या हातावर पाणी सोडीत होता. पाण्याची ती बारीक धार तळहातावर पडे, बोटांतून निथळे, ताम्हनात साठे. आईच्या तृप्तीसाठी द्यावयाचे ते उदक होते. विवेकची दृष्टी मात्र यजमानाची नव्हती, तहानलेल्याची होती. आणि ते त्याचे त्यालाच जाणवत होते.

“गोत्र म्हण,” अण्णा म्हणाले. “पुढे नाव. तिचं नाव...”

ते थांबले. विवेकने वर पाहिले. साठ वर्षांत एकही अक्षर न चुकलेल्या त्या मुखाला पुढचा शब्द सापडत नव्हता. अण्णांनी तसबिरीकडे पाहिले, ओठ हलविले, आणि भिंतीवरून ते सावकाश एका अंगाला कलले.

मैथिली पेला घेऊन धावली. तिने तो त्यांच्या ओठांशी नेला. अण्णांनी मान फिरवली.

“ब्राह्मण जेवले नाहीत अजून.”

“अण्णा, दोन घोट घ्या. तुम्हाला कोणी उपास सांगितलाय?”

“कालपासून घेतलं नाही. विवेक घेईल तेव्हा घेईन.” बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती. “एक्कावन्न वर्षं माझं पान झाल्याशिवाय तिनं पाण्याचा घोट घेतला नाही, पोरी. मी एकदाही म्हटलं नाही, तू आधी घे. पोराला सुचलं. मला सुचायला नको होतं?”

“आणि ब्लडप्रेशरची गोळी? सकाळची?”

“पाण्याशिवाय कशी गिळणार?”

अर्पितावहिनी डॉक्टरांना आणायला धावल्या. योगीराजबुवा पाटावरून अर्धवट उठले. “विष्णुपंत, आजाऱ्याला दोष नाही. मी सांगतो ना, घ्या पाणी!” अण्णांनी डोळे मिटूनच नकारार्थी हात हलवला.

विवेक पळी हातात धरून उभा होता. सोळा आठवडे त्याच्या अंगावर होते. ते एका पेल्याने पुसले जाणार होते. परंतु त्याला रोखणारी गोष्ट ती नव्हती. नुसते पाणी पिऊन भागले नसते. व्रत मोडले असे समजून अण्णा त्याच्या वाट्याचे निर्जळही स्वतःच पुढे चालवतील, हे तो जाणून होता. त्यांना पाणी पाजायचे तर त्यांच्याकडून तो मुलगा काढून घ्यावा लागणार होता, जो त्यांना सोळा आठवड्यांपूर्वी नव्याने लाभला होता.

तो त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

“अण्णा, हे व्रत नाही.”

अण्णांनी डोळे उघडले.

“उद्या परभणीत स्पर्धा आहे. अंग दाखवायची. पाणी सोडलं की चामडी ताणून बसते, स्नायू उठून दिसतात. म्हणून सोडलं. मीठही त्याचसाठी. आईसाठी नाही. तुम्ही समजलात, आणि मी तसंच राहू दिलं.”

विवेकने मैथिलीच्या हातातला पेला घेतला आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला. दुसरा भरला आणि पुढे धरला.

अण्णा त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मुद्रेवर क्रोध नव्हता. एखादा मोठा अंक मनात धरून चाललेला मनुष्य तो विसरल्यावर जसा दिसतो, तसे ते दिसत होते. मग त्यांनी हात पुढे केला.

“दे.”

डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, दाब पाहिला, सलाईन लावले. “अंगात पाणीच उरलेलं नव्हतं. या वयात आणखी चार तास निघाले नसते,” असे ते म्हणाले. मग त्यांनी विवेकचेही मनगट धरले आणि मैथिलीला आणखी पाणी देण्याची खूण केली.

तासाभराने अण्णा खाटेवरूनच म्हणाले, “वेळ आहे अजून. बुवा उपाशी आहेत. पुढे चालू करा.”

आणि हाताला नळी असताना त्यांनी उरलेले मंत्र सांगितले. गोत्र म्हटले. “सुमंगला” हे नाव त्यांनी स्पष्ट उच्चारले. योगीराजबुवा जेवले, वडे जपून खाण्याचा विचार त्यांनी सोडून दिला होता. शेवटी विवेकने हात जोडून रीतीप्रमाणे प्रश्न केला, “तृप्ताः स्थ?” बुवांनी क्षणभर खाटेकडे पाहिले. “तृप्ताः स्मः,” ते म्हणाले आणि उपरण्याने त्यांनी डोळे टिपले.

मग विवेक शेष घ्यायला बसला. मैथिलीने भात वाढला, आमटी, खीर, वडे. खाटेवरून आवाज आला.

“त्याला मीठ वाढ, सूनबाई. पानात डाव्या बाजूला. तिथं त्याची आई वाढायची.”

विवेकने मिठाला बोट लावले. बारा दिवसांनी ती चव जिभेला लागताच त्याला घास घेता येईना. थोड्या वेळाने तो जेवला, पोटभर.

पाचच्या सुमारास भागवत अंगाला लावायच्या रंगाची बाटली घेऊन हजर झाला. खरकटे ताट त्याने दारातूनच पाहिले.

“सर! खीर? अन् पाणीबी? सोळा हप्ते, सर! तुमच्या नावावर मी साऱ्या गावात...” मग त्याला खाट दिसली, सलाईन दिसले. मैथिलीने दोन वाक्यांत झाले ते सांगितले. भागवत बाटली मांडीवर घेऊन खालीच बसला. “अण्णा, म्या तर नुसतं सरांना सांगितलं होतं,” तो पुटपुटला. “तुमी बी ऐकायलेत हे मला काय ठावं?”

“तूच का त्याचा गुरू?” अण्णांनी विचारले.

“जी.”

“उद्या हा तिथं काय करणार होता?”

“पोझा मारणार होता. म्हंजी, उभा राहून अंग दाखवायचं असतं, अण्णा.”

अण्णांनी उशाखालून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“मग इथं दाखव म्हणावं.”

विवेकने मैथिलीकडे पाहिले. तिने पुढे होऊन पश्चिमेची खिडकी उघडली. त्याने खांद्यावरचे उपरणे काढून ठेवले आणि खाटेच्या पायथ्याशी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर तो उभा राहिला. भागवतने दबलेल्या आवाजात एकेक नाव घेतले: “फ्रंट डबल बायसेप... साइड चेस्ट... बॅक...” विवेक वळत गेला. पोट खिरीने किंचित पुढे आले होते. पण खांदे, पाठ, दंड यांवरून तिरपे ऊन सरकत गेले तेव्हा कष्टाची प्रत्येक रेषा दिसली. जेवल्याने गरम झालेल्या त्या अंगाला घाम सुटला होता. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत.

अण्णांनी शेवटपर्यंत पाहिले, एखादे कर्म यथासांग होते की नाही हे पाहावे तसे.

“तिनं पाहिलं असतं तर रडली असती,” ते म्हणाले. “म्हणाली असती, पोराच्या बरगड्या मोजता यायल्यात.” थोडे थांबून त्यांनी मोकळा हात उचलला. “ये. जवळ ये.”

विवेकने वाकून नमस्कार केला. अण्णांचा हात त्याच्या ओल्या पाठीवर बराच वेळ राहिला. आशीर्वाद त्यांनी मनातच दिला असावा. दुसऱ्या दिवशी परभणीत त्याचे नाव तीनदा पुकारले गेले आणि पुढचे नाव घेतले गेले. त्या वेळी विवेक अण्णांची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन खाटेशी उभा होता.

त्या घरातील माणसांना, आणि रंगाची बाटली न उघडता परत नेणाऱ्या त्या गुरूलाही, तहान लागल्यावर पाणी मागण्याची बुद्धी सदैव राहो. आणि मागितले की ते हाती देणारे कोणी जवळ असो.